ऐतिहासिक वास्तूंचे छायाचित्रण : भिंगाचा दोष सुधारावा, काळाची खूण पुसू नये

ऐतिहासिक वास्तूचे छायाचित्र काढणे हे वरवर पाहता सोपे काम आहे. इमारत हलत नाही, डोळे मिटत नाही आणि छायाचित्रकाराला घाईही करीत नाही. तरीही दिवसभर फिरून काढलेली छायाचित्रे घरी संगणकाच्या पडद्यावर उघडली की पदरी निराशाच येते. मनोरा मागे कलंडलेला दिसतो, आकाश पांढरेफटक झालेले असते, कमानीखालचे कोरीव काम अंधारात बुडालेले असते आणि नेमक्या घुमटावरून केबलची तार गेलेली असते. हे सारे दोष दूर करणारी साधने आज प्रत्येक संगणकात, किंबहुना प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. मात्र, ज्या साधनाने तार पुसता येते त्याच साधनाने भिंतीवरचा तडा आणि छज्जावर उगवलेले पिंपळाचे रोपही पुसता येते. छायाचित्र सुधारता सुधारता आपण इमारतच बदलून टाकत नाही ना, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. वास्तू नष्ट झाल्यावर, किंवा तिच्यात फेरफार झाल्यावर, ती कशी होती याचा पुरावा म्हणून पुष्कळदा छायाचित्रच उरते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागात, घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा आहे. तेथे पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलविण्यात आला. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या मूळ रचनेत तो कोनाडा कसा दिसत असे, हे आज पाहायचे तर जुन्या छायाचित्रांचाच आधार घ्यावा लागतो. त्या छायाचित्रकारांनी आपल्या आवडीप्रमाणे पुतळा वगळला असता, तर?

पुराव्याची परंपरा

वास्तूंच्या छायाचित्रणाचा इतिहास कॅमेऱ्याच्या इतिहासाइतकाच जुना आहे. फ्रान्सच्या सरकारने १८५१ मध्ये देशातील प्राचीन वास्तूंची नोंद करण्यासाठी पाच छायाचित्रकार धाडले होते. त्यांपैकी एदुआर बाल्द्यू याने आर्ल येथील सेंट त्रोफिमच्या मठातील ओवऱ्यांचे छायाचित्र एका निगेटिव्हवर मावेना म्हणून अनेक निगेटिव्ह जोडून तयार केले. काही ठिकाणी त्याने हाताने रंगकामही केले. तेव्हा संस्करण हे संगणकाचेच अपत्य आहे, असे समजण्याचे कारण नाही.

जर्मनीत आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या तरुण स्थापत्यविशारदाला १८५८ मध्ये वेत्सलारच्या कॅथिड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता जीव वाचवावा लागला. भिंतीवर चढून मापे घेण्याऐवजी छायाचित्रांवरूनच ती काढता आली तर, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्यातून छायाचित्रांवरून मोजमाप करण्याचे शास्त्र विकसित झाले. या कामासाठी प्रशियात १८८५ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिने घेतलेल्या हजारो काचपट्ट्यांचा उपयोग पुढे दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या इमारतींच्या पुनर्बांधणीत झाला.

महाराष्ट्रातील उदाहरण अजिंठ्याचे आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून अनेक वर्षे खपून तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. गिल यांनी दरम्यान कॅमेरा हाती घेतला होता आणि त्यांनी काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली होती. चित्राची प्रत एकच असते, छायाचित्राच्या अनेक निघतात, हा त्यातला फरक. मुंबईत तर १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती.

सूर्य कोणत्या बाजूला?

कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न हौशी मंडळी सर्वप्रथम विचारतात. खरे तर पहिला प्रश्न इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हा असावयास हवा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो. त्यामुळे सकाळी काढलेल्या छायाचित्रात दगड काळवंडतो आणि आकाश फटफटीत होते. संगणकावर कितीही खटपट केली तरी जो प्रकाश भिंतीवर पडलाच नाही, तो नंतर आणता येत नाही. दुपारी चारनंतर तीच इमारत मधाच्या रंगाची दिसते आणि तिरप्या उन्हात कोरलेली पाने, प्राणी, चेहरे उठून येतात.

ओव्हल मैदान तर या विषयाची प्रयोगशाळाच म्हणावी लागेल. मैदानाच्या पूर्वेला मुंबई विद्यापीठ, राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, तर पश्चिमेला आर्ट डेको शैलीतील निवासी इमारतींची रांग आहे. या दोन्ही मिळून असलेल्या वास्तुसमूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. सकाळी मैदानाकडे तोंड करून उभ्या असलेल्या आर्ट डेको इमारतींवर ऊन असते, संध्याकाळी गॉथिक इमारतींवर. एकाच मैदानात उभे राहून सकाळी एक शतक टिपावे आणि संध्याकाळी दुसरे! गेटवे ऑफ इंडियाचे गणितही असेच आहे. शहराच्या बाजूने तो दुपारनंतर चांगला दिसतो, तर समुद्राकडील बाजूवर सकाळचे ऊन येते. ती बाजू टिपायची असेल, तर घारापुरीला जाणाऱ्या सकाळच्या लाँचमध्ये बसणे हा उत्तम मार्ग आहे.

उत्तराभिमुख वास्तूंची मात्र पंचाईत असते. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे राहत असल्याने त्या दरवाजावर थेट ऊन पडतच नाही. मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेस उगवतो, तेव्हा पहाटेच्या व सायंकाळच्या वेळी तेथे तिरपा प्रकाश मिळतो. त्यातला बराचसा काळ पावसाळ्यात जातो. म्हणजे एप्रिल आणि मे महिन्यांतील सकाळ हीच खरी संधी. ज्यांना हिवाळ्यातच जायचे आहे, त्यांनी उन्हाची वाट न पाहता ढगाळ दिवस निवडावा. सौम्य प्रकाशात सावल्या खोल जात नाहीत आणि लाकडी दारावरील अणकुचीदार खिळेही स्वच्छ दिसतात.

सूर्यास्तानंतरचा अर्धा तास सर्वांनाच मोहवितो. आकाशाचा निळा रंग आणि इमारतीवरील दिवे यांचा तोल त्या वेळी साधला जातो. अर्थात अलीकडे विशेष प्रसंगी वास्तूंवर जी रंगीबेरंगी रोषणाई केली जाते, त्या छायाचित्रांतून दगडाचा खरा रंग कळण्याची आशा धरू नये.

कलंडलेला मनोरा

वास्तूंच्या छायाचित्रांतील सर्वांत मोठा दोष म्हणजे वरच्या बाजूला निमुळत्या होत जाणाऱ्या उभ्या रेषा. इमारत उंच, आपण खाली. सारी इमारत चौकटीत यावी म्हणून कॅमेरा वर उचलला जातो. कॅमेऱ्यातील संवेदक भिंतीला समांतर राहिला नाही की समांतर रेषा एकमेकींकडे झुकू लागतात. डोळ्यांनाही हे दिसत असते, पण मेंदू ते सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला मेंदू नसतो. व्यावसायिक छायाचित्रकार यासाठी सरकते भिंग वापरतात. निकॉनने छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी असे भिंग १९६२ मध्ये बाजारात आणले. ते आजही महागच आहे.

सुदैवाने एक बिनखर्चाचा उपाय आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मागे जावे, कॅमेरा उभा धरावा आणि तो अजिबात वर न उचलता क्षितिजाशी समांतर ठेवावा. राजाबाई मनोऱ्याची उंची सुमारे ८५ मीटर आहे. मैदानात मनोऱ्यापासून सुमारे १५० मीटरवर उभे राहिले आणि २४ मिलिमीटरचे भिंग पूर्ण आकाराच्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर लावले, तर कॅमेरा सरळ ठेवूनही सारा मनोरा चौकटीत मावतो. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण याच रुंदीचा असतो, त्यामुळे हा प्रयोग मोबाइलवरही करता येतो. चौकटीचा खालचा जवळपास अर्धा भाग गवत आणि क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी भरलेला असेल. तो नंतर कापून टाकावा. काही पिक्सेल वाया जातात, पण रेषा सरळ राहतात.

फोर्टमधील अरुंद गल्ल्यांत मागे जायला जागा नसते. तेथे संगणकाचा आधार घ्यावा लागतो. फोटोशॉप, लाइटरूम या विकत घ्याव्या लागणाऱ्या आणि जिम्प, डार्कटेबल या विनामूल्य आज्ञावलींमध्ये, तसेच मोबाइलवरील स्नॅपसीडमध्येही झुकलेल्या रेषा सरळ करण्याची सोय आहे. तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छायाचित्र काढतानाच दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी, कारण दुरुस्तीत कडा कापल्या जातात. भिंगामुळे येणारा फुगवटा आधी काढावा आणि मगच रेषा सरळ कराव्यात. क्रम उलटा झाला तर दोन्ही बिघडतात. तिसरी गोष्ट महत्त्वाची. रेषा सरळ करताना इमारत उभी ताणली जाते किंवा दबते आणि हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मुंबईच्या वास्तूंमध्ये याची कसोटी आयतीच उपलब्ध आहे, ती म्हणजे घड्याळ. समोरून घेतलेल्या छायाचित्रात दुरुस्तीनंतर घड्याळाची तबकडी गोल दिसली पाहिजे. ती लंबगोल झाली असेल, तर इमारतीची प्रमाणेही बिघडली आहेत असे समजावे. घड्याळ नसेल तेथे गोल खिडकी किंवा एखादे चक्र शोधावे.

अगदी जवळून, मान वर करून घेतलेले छायाचित्र मात्र पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरू नये. तसे केल्यास मनोरा वरच्या बाजूला जड झालेला, अंगावर येणारा वाटतो. थोडा उतार राहू दिला, तर तो डोळ्यांना अधिक खरा भासतो.

उजेड, अंधार आणि दगडाचा रंग

ज्यांच्या कॅमेऱ्यात रॉ स्वरूपात छायाचित्र साठविण्याची सोय आहे, त्यांनी ती अवश्य वापरावी. जेपेग हा शिजवून वाढलेला पदार्थ आहे, रॉ म्हणजे शिधा. पुढे मीठ कमी-जास्त करायचे असेल तर शिधा हाताशी हवा. भिंगाचे छिद्र एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान आणि आयएसओ कमीत कमी ठेवल्यास कोरीव कामाचे बारकावे चांगले उतरतात. तिवई असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबतानाचा हादरा लागत नाही.

उन्हातील भिंत आणि कमानीखालची सावली यांच्यातील उजेडाचा फरक एका छायाचित्रात मावत नाही. अशा वेळी दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन छायाचित्रे घ्यावीत. एक बेताचे, एक गडद, एक उजळ. संगणकावर ती एकत्र करता येतात. ही पद्धत एचडीआर या नावाने ओळखली जाते आणि २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने अक्षरशः धुमाकूळ घातला. प्रत्येक किल्ला वादळापूर्वीच्या ढगांखाली उभा असल्यासारखा दिसू लागला, दगडांवर जणू तेल ओतलेले आणि घुमटाभोवती प्रभावळ. आज मोबाइल हेच काम न विचारता, पडद्याआड करतो. पद्धत वाईट नाही, तिचा अतिरेक वाईट आहे. सावली ही वास्तूचा भाग असते. कमानीची खोली सावलीमुळेच कळते, ती पूर्ण उजळली की कमान भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखी दिसते.

रंगाच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. मुंबईतील गॉथिक इमारतींत मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, पोरबंदरचा फिकट चुनखडक आणि काळा बेसॉल्ट असे निरनिराळे दगड वापरलेले आढळतात. रंगसंगती हा त्या शैलीचा प्राण आहे. कॅमेरा आपोआप ठरवतो तो रंगतोल अनेकदा पिवळ्या दगडाला ‘दोष’ समजून त्यावर निळसर छटा चढवतो. करड्या रंगाचे एक कार्ड इमारतीच्या उन्हात धरून त्याचे एक छायाचित्र घ्यावे आणि पुढे संगणकावर त्यावरून रंगतोल ठरवावा. पावसात भिजलेला दगड गडद दिसतो आणि त्यावर शेवाळ चढते. ते दृश्य सुंदर असतेच, पण तो दगडाचा कायमचा रंग नव्हे, हे छायाचित्राच्या मथळ्यात नोंदवावे.

काय पुसावे, काय ठेवावे?

संस्करणात खरी कसोटी लागते ती येथे. टर्मिनससमोर गर्दी नाही असा क्षण दिवसा मिळणे अशक्यच. माणसे आणि गाड्या वगळण्याचा एक प्रामाणिक मार्ग आहे. तिवईवर कॅमेरा पक्का करून दहा-दहा सेकंदांच्या अंतराने पंधरा-वीस छायाचित्रे घ्यावीत आणि फोटोशॉपमध्ये ती एकावर एक रचून त्यांचा मध्यक काढावा. प्रत्येक बिंदूपाशी निम्म्याहून अधिक छायाचित्रांत जे दिसते तेच उरते, येणारे-जाणारे नाहीसे होतात. जिन्यावर बसून राहिलेला प्रवासी मात्र राहतो. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की माणसाच्या जागी जी भिंत येते ती कॅमेऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेली असते.

फोटोशॉपमध्ये २०१० साली आलेली आजूबाजूचा भाग पाहून रिकामी जागा भरण्याची सोय, आणि २०२३ मध्ये आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित भरण, यांचे तसे नाही. ती अंदाज करतात. निळ्या आकाशावरची तार पुसताना अंदाज चुकण्यासारखे फारसे काही नसते. परंतु तीच तार कोरीव पट्ट्यावरून गेलेली असेल, तर तिच्याखाली यंत्र जे कोरीव काम भरते ते कोणाही कारागिराने कधीच कोरलेले नसते. ते इतके बेमालूम असते की अभ्यासकही फसावा. दूरच्या शिल्पासाठी मोबाइलवर अतोनात झूम केले तरी काही वेळा हेच घडते. धूसर जाळीचे नक्षीकाम यंत्र स्वतःच्या कल्पनेने ‘स्पष्ट’ करते. टर्मिनसच्या प्रवेशद्वाराच्या खांबांवरील सिंह आणि वाघ किंवा घुमटावरील ‘प्रगती’ची मूर्ती टिपायची असेल, तर खरे लांब पल्ल्याचे भिंग वापरावे. नसेल तर लहानच, पण खरे छायाचित्र घ्यावे.

आणि तडे? ओघळ? पिंपळ? हे पुसण्याचा मोह सर्वांत मोठा असतो आणि तो आवरलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पिंपळाचे रोप भिंतीत कोठे रुजले आहे, यावरून पाणी कोठे मुरते ते कळते. दरवर्षी एकाच जागेवरून घेतलेल्या छायाचित्रांवरून तडा वाढतो आहे की स्थिर आहे, याचा संवर्धकांना अंदाज येतो. काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल, ही ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर १८६० च्या दशकात उभी राहिलेली इमारत. ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी येथेच झाला. या इमारतीच्या सज्जाचा भाग २००५ मध्ये कोसळला. अशा इमारतीची झोकदार, तुळतुळीत, डाग काढलेली छायाचित्रे कॅलेंडरवर शोभून दिसतील, पण तिची प्रकृती सांगण्याच्या कामी ती निरुपयोगी ठरतात. ज्यांना दोन्ही हवे, त्यांनी दोन प्रती ठेवाव्यात. एक नोंदीची, जिच्यात रेषा, उजेड आणि रंग यांपलीकडे काही बदललेले नाही. दुसरी भिंतीवर लावण्याची, आणि तिच्यावर तसे लिहिलेले असावे.

परवानगीचे नियम

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुलै २०१८ मध्ये आपल्या अखत्यारीतील स्मारकांच्या आवारात छायाचित्रणास मुभा दिली. ताजमहालाचा मुख्य मकबरा, अजिंठ्याची लेणी आणि लेहचा राजवाडा ही ठिकाणे मात्र त्यातून वगळण्यात आली. तिवई व इतर सामग्रीसाठी आजही आगाऊ परवानगी लागते. भित्तिचित्रांवर फ्लॅश मारणे हा तर नियमाआधी सभ्यतेचा प्रश्न आहे. रेल्वे स्थानकाच्या आत व्यावसायिक छायाचित्रणासाठी रेल्वेची परवानगी घ्यावी लागते. ड्रोन उडविण्यापूर्वी २०२१ च्या नियमावलीनुसार तो परिसर कोणत्या क्षेत्रात मोडतो, ते तपासणे बंधनकारक आहे. बाकी, वास्तूचे छायाचित्र काढल्याने किंवा प्रसिद्ध केल्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, असे १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ मध्ये नमूद आहे.

जपणूक

संस्करण पूर्ण झाल्यावर मूळ फाइल पुसून टाकण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी. मूळ रॉ फाइल तशीच ठेवून सुधारित प्रत टिफ स्वरूपात वेगळी साठवावी. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून साठविल्यास दरवेळी त्यातील थोडा तपशील गळतो, म्हणून ती केवळ पाठविण्यासाठी करावी. तीन ठिकाणी प्रती असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर. फाइलच्या माहितीच्या रकान्यात इमारतीचे नाव, तारीख, वेळ, कोणत्या बाजूचे छायाचित्र आहे ती दिशा आणि संगणकावर काय बदल केले ते लिहावे. ‘पश्चिमेकडील दर्शनी भाग, सायंकाळी पाच, रेषा सरळ केल्या, आकाशावरील एक तार काढली’ एवढे पुरते. कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर आहे ना, हेही घराबाहेर पडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. बॅटरी बराच काळ काढून ठेवल्यावर अनेक कॅमेरे मूळच्या तारखेवर जातात, आणि मग २०२४ च्या पावसाळ्यातला तडा २००८ सालच्या जानेवारीत नोंदला जातो.